व्यापारी वारे तिरपे का वाहतात?

वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहतो, हे आपली मुले पाठ करतात. विषुववृत्तावर ऊन प्रखर. हवा तापून वर चढते आणि तेथे कमी दाबाचा पट्टा तयार होतो. तीच हवा 30 अंश अक्षांशाच्या आसपास खाली उतरते. तेथे जास्त दाबाचा पट्टा. मग आपल्या गोलार्धात या दोन पट्ट्यांमधला वारा सरळ उत्तरेकडून यावा. तो येतो ईशान्येकडून. असे का, हा प्रश्न मुलांनी विचारला पाहिजे.

जुन्या खलाशांना कारण ठाऊक नव्हते, पण वाऱ्याचे वेळापत्रक पक्के ठाऊक होते. पंधराव्या शतकातील अरब नाखुदा अहमद इब्न माजिद यांनी हिंदी महासागरात कोठून केव्हा शीड उभारावे, हे लिहून ठेवले आहे. अरबी ‘मौसिम’ म्हणजे ठरलेला काळ. आपले ‘मोसमी वारे’ त्यातूनच आले.

इंग्लंडमध्ये 1686 साली एडमंड हॅली (धूमकेतूचे हॅली ते हेच) यांनी वाऱ्यांचा नकाशा काढला. तापलेली हवा सूर्यामागे पश्चिमेकडे सरकते, हे त्यांचे उत्तर मात्र टिकले नाही. 1735 मध्ये जॉर्ज हॅडली या कायदा शिकलेल्या गृहस्थांनी पृथ्वीच्या फिरण्याकडे बोट दाखविले. विषुववृत्तावरची जमीन ताशी सुमारे 1,670 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरते. 30 अंशांवर हा वेग सुमारे 1,450. तेथून निघालेली हवा वेगात मागे पडते आणि पूर्वेकडून आल्यासारखी भासते.

हेही पुरते खरे नव्हते. फ्रान्सच्या कोरिऑलिस यांनी 1835 मध्ये फिरत्या यंत्रांचे गणित मांडले. वाऱ्याचा विचार त्यांच्या मनात नव्हता, तरी नाव त्यांचेच लागले. वाऱ्याला ते तत्त्व लावले विल्यम फेरेल यांनी. अमेरिकेतील शेतकऱ्याचा हा मुलगा लहानपणी खळ्याच्या दारावर दाताळ्याच्या टोकांनी आकृत्या काढी. पुढे शाळामास्तर झाला. 1856 पासूनच्या लेखांत त्यांनी दाखविले की वारा कोणत्याही दिशेने वाहो, उत्तर गोलार्धात तो उजवीकडे व दक्षिण गोलार्धात डावीकडे वळतो.

म्हणूनच उन्हाळ्यात दक्षिणेकडचे आग्नेय व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडताच उजवीकडे वळतात आणि जूनमध्ये कोकण किनाऱ्यावर नैर्ऋत्येकडून पाऊस घेऊन येतात.