कौलाकडून स्लॅबकडे : बेलापूरच्या छपरांची गोष्ट

१/ नवी मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर वसली आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यावर येथे दुपारी सूर्य नेमका माथ्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. या 'शून्य सावली'चे कौतुक होते. पण घराच्या दृष्टीने तिचा अर्थ एवढाच, की ऊन भिंतींपेक्षा छपरावर अधिक कोसळते. म्हणून या शहरातील घरांचा इतिहास छपरापासून वाचावा.

२/ १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, तेव्हा या पट्ट्यात आगरी-कोळ्यांची गावे, भातखाचरे आणि मिठागरे होती. घरांच्या भिंती कुडाच्या वा मातीच्या, वर कौले. कौल म्हणजे काही जादू नव्हे. भाजलेल्या मातीचा तो पातळ तुकडा उन्हात तापतोच. मात्र कौलांच्या फटींतून गरम हवा बाहेर पडते, खाली माळा असेल तर माणूस आणि छप्पर यांच्यामध्ये हवेचा एक थर राहतो, आणि दिवस मावळला की कौल लवकर निवते. कोकणच्या दमट हवेत रात्रीही तापमान फारसे उतरत नाही. तेथे हे लवकर निवणे मोलाचे.

३/ उष्णता अडवण्याचे मूळ तत्त्व गोधडीत दिसते. ऊब कापडापेक्षा त्याच्या थरांत अडकलेल्या स्थिर हवेमुळे टिकते. थर्माकोलही असाच, बहुतांशी हवाच. काँक्रीटमधून उष्णता त्याच्या सुमारे चाळीसपट सहज वाहते. शिवाय जाड स्लॅब दिवसभर ऊन साठवतो आणि रात्री ते खाली झोपलेल्यांवर सोडतो.

४/ आता बेलापूर. १९६५ मध्ये 'मार्ग' नियतकालिकातून खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडणाऱ्या तिघांपैकी (इतर दोघे प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल) चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी एक वसाहत उभारली. लोक तिला 'आर्टिस्ट व्हिलेज' म्हणतात. एका अंगणाभोवती सात घरे, उतरती कौलारू छपरे आणि शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही. घरे स्थानिक गवंड्याला बांधता यावीत आणि पुढे मालकाला वाढवता यावीत, हा हेतू. कोरिया यांना उष्णतेचा विचार नवा नव्हता. साठच्या दशकाच्या आरंभी अहमदाबादेत त्यांनी बांधलेल्या 'ट्यूब हाउस'मध्ये गरम हवा उतरत्या छताच्या कडेने वर चढून माथ्याच्या झरोक्यातून बाहेर जाई.

५/ पुढे जे घडले ते वास्तुविशारदाच्या हेतूला धरूनच घडले, आणि त्याच्या छपराविरुद्धही. लोकांनी घरे खरोखर वाढवली. अनेक कौलारू घरे पाडून तेथे स्लॅबची मजली घरे उभी राहिली. अभ्यासक याबद्दल हळहळतात. पण रहिवाशांना दोष देणे अन्यायाचे आहे. कौले पावसाळ्यापूर्वी चाळावी लागतात, फुटतात, गळतात. स्लॅबवर मुलासाठी आणखी एक मजला चढतो, वाळवण घालता येते, पाण्याची टाकी बसते. वाढते कुटुंब कौलावर मजला चढवू शकत नाही. उकाडा हा या व्यवहारातला न लिहिलेला खर्च होता. तो आधी पंख्याच्या आणि मग एसीच्या बिलात उतरला.

६/ मुंबईच्या गवंड्यांकडे त्यावर एक जुना उतारा आहे : ब्रिकबॅट कोबा. गच्चीवर विटांचे तुकडे मसाल्यात बसवून उतार काढतात, वर फिकट चायना मोझॅकचे तुकडे लावतात. उद्देश गळती रोखण्याचा, पण विटेचा थर उष्णता काहीशी अडवतो आणि फिकट रंग ऊन परतवतो. डिसेंबर २०१८ मधील केंद्राच्या 'इको-निवास संहिता'ने मात्र थेट आकडाच घातला : आतबाहेर एका अंशाचा फरक असता छपराच्या दर चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये. उघड्या स्लॅबमधून ती ३ वॅटहून अधिक जाते. कोब्याखाली चांगल्या फोमचा दोन इंची थर घातला, तर ही मर्यादा सहज गाठता येते.

७/ संहितेची वाट न पाहता नवी मुंबईच्या गच्च्यांवर आणखी एक गोष्ट उभी राहिली आहे : लोखंडी सांगाड्यावरची पत्र्याची शेड. सोसायट्या ती गळतीसाठी घालतात. तिच्या सावलीत स्लॅब तापत नाही, मधून वारा वाहतो. वरच्या मजल्यावरच्या घरावर पुन्हा एकदा उतरते छप्पर आले आहे, आणि त्याखाली हवेचा माळा.