हाउस
‘हाउस म्युझिक’ या नृत्यसंगीताच्या प्रकारातलं ‘हाउस’ म्हणजे शिकागोतल्या ‘द वेअरहाउस’ या क्लबच्या नावाचं शेपूट. १९७७पासून तिथे डीजे फ्रँकी नकल्स रेकॉर्ड लावायचा. नाचायला येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी तरुण. बाहेर उघडपणे वावरणंही त्यांना अवघड होतं. रात्री ऐकलेलं गाणं शोधत ते रेकॉर्डच्या दुकानात येत. मग एका दुकानाने ‘वेअरहाउसमध्ये वाजणाऱ्या रेकॉर्ड’ अशी पाटीच लावली, आणि बोलता बोलता ‘वेअर’ गळून पडलं. व्युत्पत्ती आणखीही सांगतात, पण मला हीच पटते. हे नाव नाचणाऱ्यांच्या ओढीतून आलं, याचं मला फार अप्रूप आहे. १९८८च्या उन्हाळ्यात हे संगीत ब्रिटनच्या रेव्ह पार्ट्यांत दुमदुमलं. त्या जुन्या क्लबसमोरच्या रस्त्याच्या एका भागाला २००४मध्ये शिकागोने नकल्सचं नाव दिलं, त्याच्या हयातीत.