कयास

शाळेत हजेरी घेताना 'फकीह' हे आडनाव मी वर्षानुवर्षे पुकारले. कोकणातल्या शाळेत काझी, खतीब, फकीह अशी मुले असायचीच. काझी म्हणजे न्याय देणारा, एवढे ठाऊक होते. फकीह म्हणजे काय, हे विचारायचे कधी सुचले नाही. आणि इतिहासाच्या तासाला मी बेधडक सांगत असे, "मुसलमानांचा कायदा म्हणजे कुराण. त्यात लिहिले तेच." निवृत्तीनंतर सवडीने वाचायला घेतले तेव्हा कळले, की हे वाक्य किती अपुरे होते!

फिक्ह म्हणजे समज. फकीह म्हणजे ती समज असलेला, धर्मशास्त्र जाणणारा. शरीयत ही ईश्वराने दाखवलेली वाट; फिक्ह म्हणजे ती वाट माणसाला जशी उमगली तशी. माणसाची समज म्हटली की चूक आली, मतभेद आला. म्हणून ही समज कोणत्या आधाराने मिळवायची याचे वेगळे शास्त्र झाले, उसूल-अल-फिक्ह. उसूल हे 'अस्ल'चे अनेकवचन, अस्ल म्हणजे मूळ. आपला 'अस्सल' तिथलाच.

मुळे चार मानतात. कुराण, पैगंबरांचे आचरण म्हणजे सुन्ना (आपण 'सुन्नत'चा एकच अर्थ धरून बसलो आहोत), जाणकारांचे एकमत म्हणजे इज्मा, आणि चौथे कियास. या चौथ्यापाशी मी थबकलो. हाच आपला कयास! आपण कयास बांधतो म्हणजे अंदाज करतो. अरबीत मात्र कियास म्हणजे मापणे, एका वस्तूवरून दुसरीचे माप घेणे.

नेहमीचे उदाहरण मद्याचे. कुराणात 'खम्र' निषिद्ध आहे, आणि हा शब्द मुख्यतः द्राक्षाच्या मद्याला लावत. मग दुसऱ्या एखाद्या मादक पेयाचे काय? अफूचे काय? फकीहाने आधी मनाईचे कारण शोधायचे. रंग? आंबलेली चव? नाही, नशा. हे कारण नव्या वस्तूत सापडले तर निर्णयही तोच. अशा कारणाला इल्लत म्हणतात. (आपल्याकडे इल्लत म्हणजे नसती पीडा झाली. अरबीतही तिचा एक अर्थ दुखणे असा आहेच.) म्हणजे मनाला वाटले म्हणून निर्णय देता येत नाही, इल्लत दाखवावी लागते. गणितात नुसते उत्तर लिहून भागत नाही, रीत दाखवावी लागते, तसेच.

ही शिस्त ठामपणे मांडली इमाम शाफिई यांनी. जन्म 767, बहुतेकांच्या मते गाझात. त्याच वर्षी अबू हनीफा वारले. ते कूफ्याचे कापडाचे व्यापारी, आणि तर्काला मोठी जागा देणारे. शाफिई मदिनेत इमाम मालिक यांच्याकडे शिकले, पुढे बगदादला अबू हनीफांचे शिष्य शैबानी यांच्याकडे. एकीकडे परंपरा, दुसरीकडे तर्क, दोन्ही घरचे पाणी चाखलेले. 'रिसाला' या ग्रंथात त्यांनी तर्काला जागा दिली, पण कियासाच्या दावणीला बांधून. मात्र मला सर्वात भावले ते वेगळेच. इराकहून इजिप्तला गेल्यावर त्यांनी आपली बरीच मते बदलली, आणि शिष्यांनी 'जुने मत' आणि 'नवे मत' अशी दोन्ही जपून ठेवली. गुरूची बदललेली मते न लपवता! 820 मध्ये ते तिथेच वारले.

इमाम मालिक यांची एक गोष्ट चरित्रकार सांगतात. खलिफाला त्यांचा 'मुवत्ता' हा ग्रंथ सगळ्या राज्यावर लागू करायचा होता. मालिक यांनी नको म्हटले. ठिकठिकाणच्या लोकांपर्यंत वेगवेगळे ज्ञान पोचले आहे, त्यांना त्यावर चालू द्या, असे त्यांचे म्हणणे.

पुढे सुन्नी पंथात चार शाखा टिकल्या: हनफी, मालिकी, शाफिई, हंबली. भारतात बहुसंख्य हनफी, पण आपले कोकणी मुसलमान शाफिई, कारण त्यांचे नाते समुद्रमार्गे अरबांशी जुळले. माहीमचे मखदूम अली माहिमी (1372 ते 1431) मोठे शाफिई पंडित, त्यांनाही फकीह म्हणत. फरक रोजच्या जगण्यातला आहे. उन्हात काठी उभी करा. माध्यान्हीची सावली वजा जाता सावली काठीएवढी झाली की शाफिईंची असरच्या नमाजाची वेळ सुरू होते. अबू हनीफांच्या मते दुप्पट झाल्यावर. हनफी मतात समुद्रातले फक्त मासे चालतात, म्हणून कोळंबी मासा आहे की नाही यावर त्यांच्या विद्वानांत वाद. शाफिईंना तो प्रश्नच नाही. कोकणात हे बरेच झाले म्हणायचे!

असो. हजेरीतल्या त्या मुलांपैकी एक मध्यंतरी बाजारात भेटला. आता तोही पन्नाशीचा. मी उत्साहाने त्याला त्याच्या आडनावाचा अर्थ सांगितला. तो हसून म्हणाला, "ठाऊक आहे, सर. तुम्ही तेव्हा विचारले असते तर सांगितला असता."