कोरडी बॅटरी व तिची पहिली भरणी

मोटार-सायकलीसाठीं नवी बॅटरी घेणाऱ्या माणसाच्या हातांत पुष्कळदां दोन वस्तू पडतात : एक कोरडी पेटी व एक अम्लाची बाटली. दाम पुरे मोजूनही माल अर्धवट कां, असें त्यास वाटतें. अम्ल ओतून पेटी तत्काळ गाडीवर चढवावी, असा मोहही होतो. या घाईचें उत्तर त्या पेटीच्या इतिहासांत आहे.

इ. स. १८०० मध्यें इटलींतील व्होल्टा यानें चांदीच्या व जस्ताच्या चकत्यांमध्यें खारट पाण्यांत भिजविलेले पुठ्ठे घालून चळत रचली आणि अखंड विद्युत्प्रवाह मिळविला. परंतु जस्त झिजलें कीं ती चळत निरुपयोगी होई. खर्चलेली वीज पुन्हां भरतां यावी, असा शिशाचा घट १८५९ सालीं फ्रान्समधील गॅस्टन प्लांटे यानें सिद्ध केला. शिशाचे दोन लांब पत्रे एकमेकांस शिवणार नाहींत अशा बेतानें गुंडाळून सौम्य गंधकाम्लांत बुडविलेले, एवढीच ती रचना. प्रवाह आंत सोडला कीं एका पत्र्यावर शिशाचें तपकिरी ऑक्साइड चढे व दुसऱ्यावर सच्छिद्र शिसें राही. घट वीज देऊं लागला म्हणजे दोन्ही पत्र्यांवर शिशाचें सल्फेट बने व अम्ल पातळ होई. उलट प्रवाह दिला कीं सर्व पूर्ववत् होई.

मात्र नवे पत्रे प्रथम अल्पच वीज सांठवीत. म्हणून प्लांटे तोच घट वारंवार भरी, रिता करी व मध्यें विसावा देई. या घडवणीस महिनेच्या महिने लागत. १८८१ सालीं कामिय फोर यानें पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडाचा लेप देऊन हा काळ फार कमी केला. त्याच वर्षीं पॅरिसमध्यें भरलेल्या अशा घटांची एक पेटी ग्लासगोस विल्यम टॉमसन यांजकडे पोंचली, तेव्हां वीज सामानाप्रमाणें गांवोगांव नेतां येते हें लोकांच्या प्रत्ययास आलें. १९१२ सालीं कॅडिलॅक मोटारींत विजेचा स्टार्टर आला. मोटार-सायकलीवरचा कार्बाइडचा दिवाही पुढें मागें पडला, आणि दिवा व भोंगा यांचा भार बॅटरीवर आला.

अम्ल भरलेली बॅटरी दुकानांत पडून राहिली तर आपोआप उतरते व तिच्या पत्र्यांवर सल्फेटाचे कठीण कण धरतात. म्हणून कारखान्यांत पत्रे भारित करून, धुऊन व वाळवून पेटी बंद करण्याची पद्धत रूढ झाली. भरणीपूर्वीं तोंड उघडें राहिलें तर दमट हवेनें पत्र्यांचा भार नासतो. बंद पेटींतही तो कालांतरानें थोडा उतरतोच.

यासाठीं पहिली भरणी निगुतीनें करावी लागते. हातमोजे व चष्मा घालावा, वायूच्या नळीचें बूच काढावें, आणि बॅटरी गाडीबाहेर ठेवून प्रत्येक घरांत खुणेपर्यंत अम्ल ओतावें. १२ व्होल्टच्या बॅटरींत दोन-दोन व्होल्टचीं अशीं सहा घरें असतात. अर्धा ते एक तास पत्रे अम्ल शोषून घेतात. पातळी उतरली तर तेंच अम्ल पुन्हां घालावें. नंतर क्षमतेच्या दहाव्या हिश्शाएवढ्या मंद प्रवाहानें, म्हणजे ५ अॅम्पिअर-तासांच्या बॅटरीस अर्ध्या अॅम्पिअरनें, भार द्यावा. या वेळीं ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो. विडीकाडी दूर ठेवावी. पुढें केवळ डिस्टिल्ड पाणी घालावें. कारण उडून जातें तें पाणी, अम्ल नव्हे. हा पहिला भार टाळून बॅटरी गाडीवर चढविली तर ती पूर्ण क्षमतेस क्वचितच पोंचते, आणि धनी मात्र दोष मालास देतो.

आतां सीलबंद बॅटऱ्या अम्लासह मिळतात व हा खटाटोप वांचतो. पण अनेकींच्या आंत शिसें व गंधकाम्ल तेंच आहे. शिसें विषारी असल्यानें जुनी पेटी उकिरड्यावर टाकूं नये. भारतांत २००१ च्या नियमांनीं ती परत करण्याचें कर्तव्य ग्राहकावर घातलें, व २०२२ च्या नियमांनीं ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. परत आलेलें शिसें वितळून नव्या पेटींत जातें.

प्लांटेस महिने लागत तें काम कारखान्यानें उरकून ठेविलें आहे. ग्राहकाच्या वांट्यास कांहीं तासच उरले आहेत. तेवढे तास त्यानें द्यावे, म्हणजे पेटी वर्षानुवर्षें त्याची परतफेड करील.