घरगुती नेटवर्क साठवण

घरगुती नेटवर्क साठवण म्हणजे घरातील राउटरला जोडलेले, स्वतःची संचालन प्रणाली असलेले आणि एक किंवा अधिक हार्ड डिस्क सामावणारे उपकरण होय. त्यातील संचिका घरातील सर्व संगणकांना व मोबाइल संचांना एकाच वेळी उपलब्ध होतात. 'नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज' या नावाच्या आद्याक्षरांवरून त्यास 'नॅस' असेही म्हणतात. एकाच घरात विंडोज, मॅक व लिनक्स अशा भिन्न प्रणालींचे संगणक असल्यास साठवणक्षमतेपेक्षा समान प्रोटोकॉल, संचिकांची नावे आणि दुसऱ्या प्रतीची सोय या बाबी निवडीत अधिक निर्णायक ठरतात. पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे (आता राजगड) यांसारख्या डोंगरी, अतिपावसाच्या तालुक्यांत वीजपुरवठ्याचाही विचार करावा लागतो.

समान प्रोटोकॉल

बाह्य हार्ड डिस्क थेट संगणकाला जोडली असता तिची रचना त्या संगणकाला वाचता यावी लागते. नॅसच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही. आतील डिस्क कोणत्याही पद्धतीची असली तरी संगणक तिच्याशी नेटवर्क प्रोटोकॉलद्वारेच बोलतो. असे तीन प्रोटोकॉल प्रसिद्ध आहेत : आयबीएममध्ये जन्मलेला व पुढे मायक्रोसॉफ्टने वाढवलेला एसएमबी, सन मायक्रोसिस्टिम्सचा एनएफएस (१९८४) आणि ॲपलचा एएफपी. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ मध्ये सुरू केलेल्या 'सांबा' या मुक्त आज्ञावलीमुळे युनिक्स व लिनक्स यंत्रांनाही एसएमबी बोलता येऊ लागले. ॲपलने २०१३ च्या मॅव्हरिक्स आवृत्तीपासून एसएमबीलाच प्राधान्य दिले. त्यामुळे मिश्र घरासाठी आज एसएमबी हाच व्यवहार्य पर्याय होय. एएफपी केवळ जुन्या मॅकपुरता उरला आहे.

प्रोटोकॉलची आवृत्तीही पाहणे आवश्यक असते. मे २०१७ मधील 'वॉनाक्राय' हल्ला एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील त्रुटीचा फायदा घेऊन पसरला. त्याच वर्षीपासून विंडोज १० च्या नव्या स्थापनेत ही आवृत्ती मुळात बसवली जात नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने स्वाक्षरीयुक्त संभाषणाची अट घातली. राउटरच्या यूएसबी खाचेत डिस्क लावून पासवर्डाविना वाटून घेण्याची स्वस्त युक्ती यामुळे पुष्कळ ठिकाणी निरुपयोगी ठरते.

देवनागरी नावांचे प्रश्न

मराठी घरांत एक अडचण हमखास येते आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत तिचा उल्लेख क्वचितच आढळतो. लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक नॅसमध्ये संचिकेच्या नावाची मर्यादा २५५ बाइटची असते, तर विंडोजमध्ये ती २५५ चिन्हांची असते. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना, मात्रा, वेलांटी व हलन्त ही स्वतंत्र चिन्हे गणली जातात. चार अक्षरी 'ज्ञानेश्वरी' या शब्दाला ११ चिन्हे, म्हणजे ३३ बाइट लागतात. म्हणून विंडोजवर विनातक्रार जतन झालेली लांबलचक मराठी नावाची संचिका, उदाहरणार्थ शासन निर्णयाचे संपूर्ण शीर्षकच नाव म्हणून दिलेली, नॅसवर उतरत नाही. सिनॉलॉजीच्या कूटबद्ध फोल्डरमध्ये ही मर्यादा १४३ बाइट, म्हणजे जेमतेम ४७ देवनागरी चिन्हांपर्यंत खाली येते.

दुसरा प्रश्न 'ऱ' या अक्षराचा. युनिकोडमध्ये ते एकसंध चिन्ह म्हणून, तसेच 'र' व नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येते. जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही संचिकापद्धती नाव साठवताना त्याचे विघटन करते. विंडोज व लिनक्स ते जसे टंकले तसे ठेवतात. परिणामी 'दुसऱ्या सत्राचे गुण' या नावाच्या, डोळ्यांना एकसारख्याच दिसणाऱ्या दोन संचिका एका फोल्डरमध्ये नांदू शकतात आणि शोध घेतल्यास एकच सापडते. प्रती काढणाऱ्या 'आरसिंक' या आज्ञावलीत यासाठी वर्णसंच-रूपांतराची सोय आहे. नावे आखूड ठेवणे हा त्याहून सोपा उपाय असला, तरी तो फक्त पहिल्या अडचणीपुरता.

उपकरण व डिस्क

तयार नॅस, जुन्या संगणकावर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट यांसारखी मुक्त प्रणाली, अथवा रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक असे पर्याय उपलब्ध आहेत. जुना संगणक खरेदीत स्वस्त पडतो, विजेच्या देयकात नाही. राउटरची खाच १०० मेगाबिटची असेल तर सेकंदाला सुमारे १२ मेगाबाइटच मिळतात. गिगाबिट खाचेतून ११० पर्यंत मिळतात. एकमेकांवर पट्टे चढवून लिहिणाऱ्या एसएमआर डिस्क अनेक डिस्कच्या रचनेत मंदावतात. वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' मालिकेतील काही डिस्क याच प्रकारच्या असल्याचे २०२० मध्ये उघड झाले, तेव्हापासून खरेदीपूर्वी हा तपशील पाहिला जातो.

पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ च्या निबंधात मांडलेली 'रेड' ही रचना (उपरोक्त मालिकेशी तिचा संबंध केवळ नामसाधर्म्याचा) एक डिस्क बिघडली तरी काम चालू ठेवते. ती दुसरी प्रत नव्हे. चुकून पुसलेली संचिका दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी नाहीशी होते. जानेवारी २०२२ मध्ये 'डेडबोल्ट' या खंडणीखोर आज्ञावलीने इंटरनेटवर थेट उघड्या ठेवलेल्या क्यूनॅप उपकरणांतील संचिका कुलूपबंद केल्या. तेथे डिस्कची संख्या कामी आली नाही. बाहेरगावाहून संचिका पाहायच्या असल्यास व्हीपीएनचा मार्ग अधिक सुरक्षित मानला जातो.

भोर-वेल्हे परिसरातील परिस्थिती

राजगड व तोरणा यांच्या परिसरात, तसेच भोरच्या पश्चिमेकडील घाटमाथ्याला लागून असलेल्या भागात, पावसाळ्यात वादळ व विजा यांमुळे वीजपुरवठा खंडित होतो. लिहिणे चालू असताना वीज गेल्यास संचिकापद्धतीच बिघडू शकते. घरगुती इन्व्हर्टर सामान्य स्थितीत बॅटरीवर जाण्यास इतका वेळ घेतो की नॅस तेवढ्यात बंद पडते. इन्व्हर्टरवर 'यूपीएस' स्थितीचे बटण असल्यास तेच वापरतात. यूएसबी तारेने नॅसला जोडता येणारा यूपीएस अधिक उपयुक्त, कारण बॅटरी संपत आल्याचे कळताच नॅस स्वतःहून व्यवस्थित बंद होते.

सातबाऱ्याच्या जुन्या प्रती, फेरफार, लग्नाची छायाचित्रे अशा संचिकांची एक प्रत घराबाहेर असणे इष्ट असते. इंटरनेटवरील साठवणीत १ टेराबाइट चढवण्यास सेकंदाला १० मेगाबिट या अखंड वेगानेही नऊ दिवसांहून अधिक काळ लागतो. त्यामुळे पहिली प्रत बाह्य डिस्कवर काढून ती पुण्यातील नातेवाइकांकडे ठेवणे आणि पुढे फक्त बदललेल्या संचिका पाठवणे हा मार्ग मंद जोडणीच्या गावांत सोयीचा पडतो. ही डिस्क एक्सफॅट पद्धतीची असल्यास ती विंडोज व मॅकवर थेट वाचता येते, आणि २०१९ च्या ५.४ आवृत्तीपासून लिनक्सच्या गाभ्यातही तिची सोय आहे.