तुरटीचे चार वेढे

डोळे मिटा. आता उघडा आणि आधी पाय सांभाळा, कारण तुम्ही पेशवाईतल्या पुण्याच्या चिखलात उभे आहात. आषाढ लागलाय. हौदाभोवती हंड्या-कळशांचा खणखणाट चाललाय. ओली लुगडी, शेण आणि गोवऱ्यांचा धूर असा सगळा वास एकदम नाकात शिरतो. कुणाचं तरी कोपर बरगडीत बसतं. "अहो, सरका की! मी मघापासनं उभी आहे."

हे पाणी नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून आणलंय. पंप नाही, मोटार नाही. जमिनीखालच्या नळातून निव्वळ उतारावर वाहत येतं. हौदाला हात लावायची मुभा मात्र सगळ्यांना नाही. ज्यांचा विटाळ मानतात ते दूर उभे आहेत, कुणीतरी वरून पाणी घालेल या आशेवर. जोतीराव फुले आपल्या घरचा हौद त्यांना खुला करतील ते १८६८ साली. तोवर किती पिढ्या तहानेल्या राहणार, ते तुम्हीच मोजा.

तुमची कळशी भरली? चला वाड्यात. "पारोशानं शिवू नका हो!" माजघरातून आजी ओरडतात. कळशी उंबऱ्याशी ठेवा आणि गंमत बघा.

हंड्याच्या तोंडाला जुन्या धोतराचं दुहेरी फडकं. काडीकचरा त्यावर अडकतो, पण पाणी चहासारखं तांबूसच राहतं. (चहा मागू नका, इथे तो घरोघरी पोचलेला नाही.) या मातीचे कण इतके बारीक की फडक्यातून सहज निसटतात. शिवाय प्रत्येकावर ऋण भार, म्हणून ते एकमेकांना दूर लोटत दिवसचे दिवस तरंगत राहतात.

आजी तुरटीचा खडा पाण्यात बुडवून चार वेढे फिरवतात. अगदी वाकून बघा. आधी काहीच होत नाही. मग कुठेतरी एक पुंजका दिसतो, शेजारी दुसरा, आणि बघता बघता हंडाभर भुरभुर सुरू होते. तुरटीतलं ॲल्युमिनियम पाण्यात विरघळून कणांचा भार मारतं आणि स्वतःचा चिकट साका तयार करून त्यांना खाली ओढतं. तुरटी नसली की आजी निवळीची बी माठात आतून उगाळतात. तिनेही गाळ बसतो.

आता परसातल्या आडाचं पाणी चाखा. दिसायला नितळ, पण तूरडाळ घाला, तासभर चुलीवर ठेवा, दाणा टणकच. "मेलं जड पाणी!" आजी वैतागतात. यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले आहेत. ते कण म्हणून तरंगत नाहीत, पाण्यात पार मिसळून गेलेत. तिथे फडकंही हरतं आणि तुरटीही.

रात्री पाणी तांब्याच्या हंड्यात जातं. सकाळी तो हंडा चिंचेनं घासतात. चिंचेतलं आम्ल काळपट थर विरघळवतं आणि लखलखीत तांबं उघडं पडतं. रात्रभरात तांबं बरेच जंतू मारतं, सगळे नाही. पटकी आली की हा नितळ हंडासुद्धा घर रिकामं करतो.

या परत. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं तर तुरटी खुशाल फिरवा, शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रातही बहुधा तीच किंवा तिची भावंडं वापरतात. पण वरचं पाणी ओतून घ्या, खळखळून उकळा आणि मगच प्या.