दवंडी, पोस्टमन आणि टपालकचेरी

संगणक एकमेकांशीं बोलूं लागले, तेव्हां प्रश्न उभा राहिला तो असा: निरोप कोणाकडे न्यावयाचा, आणि वाटेंत तो कोणीं ऐकावयाचा? हब, स्विच आणि राउटर हीं या एकाच प्रश्नाचीं तीन उत्तरें होत. वरून पाहतां तिन्ही पेट्या सारख्याच. भेद आहे तो कोणास किती पत्ता वाचतां येतो, यांत.

नवल असें कीं, तिघांतील सर्वांत जाणतें यंत्र आधीं जन्मलें. १९६९ सालीं अमेरिकेंत ‘अर्पानेट’ हें जाळें उभारण्यांत आलें. त्यासाठीं लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत जें कपाटाएवढें यंत्र बसविलें, तेंच राउटराचा पूर्वज. निरोप कोणत्या गांवचा आणि तिकडे कोणता रस्ता सोईचा, हें राउटर पाहतो. हें काम टपालकचेरीचें.

१९७३ सालीं पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधनशाळेंत रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनीं ‘ईथरनेट’ योजिलें. त्यांत सर्व संगणक एकाच तारेवर असत. एकानें बोलावें, सर्वांनीं ऐकावें, ज्याचें असेल त्यानें घ्यावें. दोघे एकदम बोलले तर थांबून पुन्हां बोलावें. पुढें ही सामाईक तार जणूं एका पेटींत आली, तोच हब. हब म्हणजे दवंडीवाला. पत्ता तो वाचीतच नाहीं. वीस संगणक जोडले तर रस्ता एक आणि वाटेकरी वीस. शिवाय खाजगी निरोपहि शेजाऱ्याच्या कानावर!

यावर उतारा म्हणून प्रथम ब्रिज व मागाहून स्विच आला. १९९० सालीं अमेरिकेंतील ‘कल्पना’ या कंपनीनें सात दारांचा ईथरनेट स्विच बाजारांत आणला. स्विच गल्लींतील पोस्टमनसारखा. कोणाचा निरोप कोणत्या दारांतून आला, हें पाहून तो घरें ओळखूं लागतो, आणि मग निरोप त्याच दारीं देतो. मात्र घर अनोळखी असेल तर त्यालाहि दवंडीच पिटावी लागते. वाटा वर्तुळाकार जोडल्या, तर तीच दवंडी अखंड फिरत राहून जाळें ठप्प होतें. रेडिया पर्लमन यांनीं १९८५ सालीं ब्रिजांसाठीं काढलेली युक्ति येथें कामीं आली: जास्तीच्या वाटा बंद ठेवावयाच्या, आणि एखादी तुटली तरच उघडावयाच्या. परंतु गांवाबाहेर जावयाचें, तर टपालकचेरीवांचून गत्यंतर नाहीं.

आज हब जवळजवळ नाहींसा झाला आहे. घरांतील लहानशा पेटींत स्विच व राउटर बहुधा एकत्रच नांदतात. तरी दवंडी संपली, असें कोणी मानूं नये. तीच पेटी बिनतारी बोलते तेव्हां हवा ही पुन्हां सर्वांची सामाईक तार होते, आणि शेजारच्या भिंतीपलीकडेहि निरोप पोंचतो. म्हणून तो गुप्तलिपींत बांधूनच पाठवावा लागतो. पेटीचा परवलीचा शब्द हें त्या गांठोड्याचें कुलूप होय. तें सैल ठेवणाऱ्या घरानें दवंडीवाल्यास पुन्हां दारांत उभें केलें, असेंच म्हणावें लागेल.